वेंगसरची शेवटची फेरी

सुगंधा मेस्त्रीचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयात पुस्तकांच्या पाठींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होतो. बोटं खळीने भरलेली, म्हणून पोस्टमनने पत्र टेबलावरच ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, आता तुमका वाचकांची पत्रां येवक लागली. मोठे झालास."

मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, एवढंच. पण चष्मा आणि कमी बोलणं यामुळे लोकांनी मला मास्तर करून टाकलं, आणि ते दुरुस्त करायला मला कधी तोंड उघडता आलं नाही.

हात धुऊन पत्र उघडलं. निळं आंतरदेशीय, बालवाडीच्या बाईंचं ठळक, गोल अक्षर.

'आदरणीय केळुसकर सर, आपले वेंगसर गावावरचे पुस्तक मिळाले. मी ते दोनदा वाचले. बाबांनी आपल्याला मांडवात सांगितलेली हकिकत मला त्यात सापडली नाही. बाबांना दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे. ते रोज म्हणतात, आमचा पान वाच. मी काही दिवस सांगितले की पुस्तक अजून आलेले नाही, पण शेजाऱ्यांनी आल्याचे सांगून टाकले. सर, मी त्यांना काय वाचून दाखवू? आपण लिहून घेतलेले पान आपल्याकडे असेल तर तेवढे पाठवा. छापलेले नसले तरी चालेल. मी छापलेले आहे असे सांगून वाचीन. ते पाप माझे.'

तारीख ऑगस्ट १९९७ची. मी उत्तर दिलं नाही.

वेंगसर आमच्या तालुक्याच्या अगदी दक्षिणेचं गाव. तिथे दर तीन वर्षांनी, भात कापून झालं आणि ग्रामदेवाने कौल दिला की गाव पळतं. गावपळण म्हणतात तिला. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं नदीपलीकडे जातं आणि झावळ्यांच्या मांडवांत तीन दिवस राहतं. त्या तीन दिवसांत गाव देवाचं आणि देवचारांचं, म्हणजे राखणदार भुतांचं. माणसाचा श्वाससुद्धा तिथे राहायचा नाही, असा नियम.

तो श्वास राहिला नाही ना, हे बघायचं काम मेस्त्र्यांचं होतं. गाव रिकामं झालं की त्या सुतारांच्या घरातला कर्ता पुरुष एकटा घरोघर फिरे. प्रत्येक दारात उभा राहून हाक मारी, आत डोकावी, दार ओढून कडीला आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, अडकवी. गावातली बहुतेक दारं त्यांच्याच हातची, त्यामुळे कुठलं दार कसं ओढलं की नीट बसतं, हे त्यांनाच ठाऊक. मग तो नदी ओलांडी आणि पलीकडे वाटेवर गवताचा दोर आडवा बांधी. तिथून पळण सुरू. याला शेवटची फेरी म्हणत, आणि तो मोठा मान होता.

१९४१ साली तो मान गेला. राघो मेस्त्री फेरीला गेला आणि रात्रभर परतलाच नाही. सकाळी उजाडल्यावर तो गावातून चालत आला. विचारलं तर म्हणाला, एका पडवीत जरा टेकलो आणि झोप लागली. पळण मोडली. महिन्याने सगळ्या गावाला पुन्हा बिऱ्हाड उचलावं लागलं. त्या वर्षी गुरांत रोग आला, तोही राघोच्याच माथी बसला. फेरीचा मान दुसऱ्या घराकडे गेला, आणि मेस्त्री हळूहळू गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी सुतारवाडीत राहायला आले. तरी पळणीला ते येत. आणि पंचावन्न वर्षांनंतरही कुणीतरी हमखास विचारी, "काय मेस्त्रीनू, जागे आसास मां?"

मी हे सगळं लिहून घेतलं ते १९९६च्या पळणीत. गावचे मुख्य मानकरी अप्पा धुरी यांनी गावाचा इतिहास लिहायला मला बोलावलं होतं. त्यांच्या समितीसमोर पहिल्याच बैठकीत मी, कधी नव्हे तो, एक लहानसं भाषण केलं होतं. इतिहास ऐकीव गोष्टींवर लिहीत नाहीत, कुठल्याही गोष्टीला निदान दोन साक्षी हव्यात, असं काहीतरी. घरून पाठ करून आलो होतो.

लाडू मेस्त्री, म्हणजे राघोचा मुलगा, तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. काचबिंदूने डोळे गेलेले. त्यांचा मांडव रांगेच्या अगदी टोकाला, काजूखाली.

"कोण तां?" त्याने विचारलं.

"मी केळुसकर. वाचनालयातला. गावाची माहिती लिहून घेतोय."

"मास्तर काय? तुमी पुस्तकासारखे बोलतास, म्हणान वळाकलंय. बाये, मास्तरांका बसाक दी."

सुगंधाने पाट दिला. ती तिशीची असेल. मी वही उघडली. लाडूने पानाचा आवाज ऐकला.

"लिवतास तर एक लिवा," तो म्हणाला. "माझो बापूस निजाक नाय हुतो."

मी मान हलवली, मग लक्षात आलं की त्याला ती दिसत नाही. "सांगा," मी म्हणालो.

"फेरी करताना एका गोठ्यात तेका एक बाईलमाणूस गावला. गरवार. अंड्यार बसलेली कोंबडी घरात इसारली म्हणान सगळ्यांच्या मागसून परत फिरलेली, आणि थयच कळा सुरू झाल्यो. आता बापाशीन काय करूचा? तिका उचलून नदी वलांडूची तर ती वाटेत मरतली. तेणा धावत येवन माझ्या आवशीक गुपचूप हाडल्यान. पोर सुखरूप झाला. उजाडताना दोघांकय डोलीत घालून झाडीतल्या वाटेन पलीकडे पोचयल्यानी. त्या बायेच्या सासवेक तेवढा म्हायत. तिणा सांगल्यान, पोर मांडवात झाला. आणि बापाशीन सांगल्यान, माका झोप लागली."

"पण खरं का नाही सांगितलं?"

"मास्तर, तुमी शिकलेले आणि माकाच इचारतास? पळणीत गावात जन्मलेल्या पोराक गाव मान देयत काय? देवचाराचा पोर म्हणान जल्मभर बोट दाखयतले."

"ती बाई कोण?"

"आवशीन मरताना माका ह्या सांगल्यान आणि शपथ घातल्यान. नाव सांगूचंय नाय. माझ्या बापाशीचा नाव तेवढा धुवा, बस झाला."

मी सहा पानं लिहिली. निघताना सुगंधा काजूपर्यंत माझ्याबरोबर आली.

"सर, हे मलासुद्धा आज पहिल्यांदा कळलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही झोपेवरून चिडवून घेतलं. छापाल ना?"

"छापीन," मी म्हणालो. मला समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे माझ्या बायकोने लग्नानंतर आठवड्याभरात ओळखलं होतं.

एप्रिलमध्ये छापखान्यातून मुद्रितं आली. ती तपासायला अप्पांनी मला दोन दिवस घरी ठेवून घेतलं. अप्पा पंचावन्नचे, भरदार आवाजाचे, मनाने सरळ. पाहुण्याच्या ताटात भात संपू न देणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचे आणखी तिघं आले. पडवीत चटई पसरली. अप्पांची आई, आनंदीबाई, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला सुपात तांदूळ निवडत बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण ताठ.

अप्पा मोठ्याने वाचत होते. राघो मेस्त्रीच्या पानावर ते थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून सावकाश वाचलं. मी लिहिलं होतं की एका अडलेल्या स्त्रीजवळ राघो थांबला आणि तिच्या मुलाला बोल लागू नये म्हणून त्याने झोपेचा आळ स्वतःवर घेतला.

"लाडूचो बापूस देव झालो की रे," समितीतले बाबल गावडे म्हणाले.

"देव नाय, सुईण झालो," आणखी एकाने जोडलं. सगळे हसले.

अप्पा हसले नाहीत. "मास्तर, ह्या कोणी सांगल्यान? लाडून?"

"हो."

"तो तेचो झील. तो बापाशीचा बराच सांगतलो. ह्या छापून इला तर गावातलो प्रत्येक साठीच्या आसपासचो माणूस इचारीत, ता पोर मी काय म्हणान. पाच-धा घरांत भांडणां लागतली." त्यांचा आवाज चढला नव्हता. खरोखरच काळजीने विचारत होते. "तुमीच सांगितलास, दोन साक्षी व्हयेत. एक लाडू. दुसरो कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चष्मा काढून धोतराने पुसला. उंबऱ्याच्या आत तांदळाचा आवाज थांबला होता.

"दुसरं कोणी नाही," मी म्हणालो.

"मगे काढा."

आनंदीबाई उठून आत गेली. सूप तिथेच राहिलं. अप्पांनी हाक मारली, "आवशी, वायच च्याय सांग." चहा थोड्या वेळाने अप्पांच्या सुनेने आणला.

त्या जागी काय लिहायचं यावर चर्चा झाली. बाबल म्हणाले, तो झोपलो असाच लिवा, सगळ्यांका म्हायत आसा. मला ते उघडं वाटलं. मी सुचवलं, 'शेवटच्या फेरीच्या मानकऱ्याकडून हयगय झाल्याने पळण मोडली व तो मान काढून घेण्यात आला.' सगळ्यांना ते वाक्य आवडलं. अप्पा म्हणाले, शिकलेल्या माणसाची भाषाच वेगळी. मी लाल शाईने ते समासात लिहिलं.

पुस्तक जुलैत निघालं आणि ऑगस्टमध्ये पत्र आलं.

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. दर वेळी पहिल्याच वाक्यात इतिहासलेखनाची पद्धत यायची. एका साक्षीवर विसंबता येत नाही, आपल्या वडिलांविषयी मला आदरच आहे, वगैरे. वाचून पाहिलं की लाज वाटे आणि मी कागद फाडून टाके. नुसती पानं उतरवून पाठवली असती तरी झालं असतं. तिने तेवढंच मागितलं होतं. पण पानं पाठवली असती तर ती खरी आहेत असं मी म्हटल्यासारखं झालं असतं. मग छापली का नाहीत, हा प्रश्न आलाच असता. दिवाळी गेली, शिमगा गेला. नंतर इतका उशीर झाला की उत्तरापेक्षा उशिराचीच माफी मोठी झाली असती. चौथ्या वर्षी वाचनालयात कुणीतरी सहज सांगितलं की सुतारवाडीतले आंधळे मेस्त्री गेले. मी पत्र वहीत ठेवलं आणि वही खालच्या खणात.

नोकरी संपली. बायको गेली. अप्पा गेले. ग्रंथपालाच्या हातून आयुष्यात एकच पुस्तक झालं, आणि कुणी त्याचा विषय काढला की मी दुसरं बोलायला लागे. लोक समजत, नम्र माणूस आहे.

गेल्या मार्गशीर्षात वेंगसरला पळण होती. सरपंच मंदाकिनी धुरी, अप्पांची सून, म्हणजे त्या दिवशी चहा घेऊन आलेलीच, तिने गाडी पाठवली. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला नाही म्हणायला सबबी पुष्कळ असतात, पण गाडी दारात उभी होती.

नदीपलीकडे, जिथे गवताचा दोर बांधतात, तिथे ग्रामपंचायतीने मोठी पाटी उभारली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. बाहेरून बघायला येणाऱ्यांसाठी गावपळणीची माहिती. सहाव्या ओळीवर माझी नजर गेली. शेवटच्या फेरीच्या मानकऱ्याकडून हयगय झाल्याने. खाली, माहिती आधार, केळुसकर.

"बघलास मास्तर?" मंदाकिनी म्हणाली. "तुमचाच वाक्य. एक अक्षर हलवूक नाय आमी."

"ते बरोबर नाही," मी म्हणालो.

"शुद्धलेखन चुकला काय? पेंटर मेलो घायघायत हुतो."

"शुद्धलेखन ठीक आहे. झालं ते तसं नव्हतं."

"मगे कसा झाला?"

तिचा चेहरा प्रसन्न होता. पलीकडे तिचा नवरा, अप्पांचा मुलगा, मुख्य मानकऱ्याचं उपरणं घेऊन दोराजवळ उभा होता. पाटीसमोर दोन बायका वाचत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "मेस्त्री कसले, निजकेच मेले," आणि दोघी हसून पुढे गेल्या.

"सांगीन," मी म्हणालो.

"तोंडी नको हां मास्तर. पाटी बदलूची तर माका कागद व्हयो. लेखी दिया, आमी बैठकीत ठेवतो." आणि ती पाहुण्यांना मांडव दाखवायला गेली.

लेखी द्या. मला बोलायचं नसतं तेव्हा मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो होतो.

घरी येऊन खालचा खण उघडला. वहीत लाडूची सहा पानं होती. त्यापुढे, वेगळ्या शाईत, दीड पान होतं. ते मी या हकिकतीतही आतापर्यंत टाळलं.

मुद्रितं वाचली त्याच्या आदल्या दुपारी अप्पा बाजाराला गेले होते. मी मागीलदारी हात धुवायला गेलो, तर आनंदीबाई न्हाणीच्या दगडावर बसली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "लाडून तुमका सांगल्यान मां?"

मी हो म्हटलं.

"नाव सांगल्यान?"

"नाही. शपथ आहे म्हणाला."

"ती रुक्मिणीन घातली. लाडूच्या आवशीन. माका न इचारता." तिने पदराने हात पुसले, कोरडे असूनही. "ती मी. आणि ता पोर ह्यो अप्पा. आमच्याच गोठ्यात. राघो मेस्त्री दाराकडे पाठ करून भायर बसलेलो आणि रुक्मिणी आत. माझ्या कळा ऐकान तो माणूस देवाक शिव्या घाली हुतो." ती जराशी हसली. "छप्पन वर्सां तो माझ्यासाठी निजलेलो आसा, मास्तर. मेलो तरी जागो होवक नाय."

मी म्हणालो, "अप्पांना माहीत आहे?"

"नाय. उद्या तुमी वाचतालात तेवा तो इचारीत, कोण साक्षी म्हणान. तेवा तुमी माझा नाव घेवा. चार पुरुषांत, झिलासमोर, माझ्या तोंडातसून ता येवचा नाय. तुमी नाव घेतलास की मी होय म्हणतलंय. तेवढा मी करीन."

मी तिलाही हो म्हणालो. खोलीत जाऊन सगळं लिहूनसुद्धा ठेवलं, तारीख घालून.

म्हणजे दुसरी साक्ष माझ्यापासून चार हातांवर तांदूळ निवडत होती, आणि माझ्या तोंडून एक नाव निघायची वाट बघत होती. भल्या माणसाला त्याच्याच पडवीत, चौघांसमोर, त्याचा जन्म कुठे झाला हे मी सांगायचं, या कल्पनेने माझी जीभ वळली नाही. त्या क्षणी मला वाटलं की मी तिचीच अब्रू राखतो आहे. त्या दिवशी निघताना मी तिच्या पाया पडायला आत गेलो, तर ती देवासमोर बसली होती आणि तिने मान वळवली नाही. दोन वर्षांनी ती गेली. अप्पांना नंतर कधी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. शेवटी जे राहिलं ते एवढंच.

'सुगंधाताई, तुमच्या ऑगस्ट १९९७च्या पत्राचे हे उत्तर. तुम्ही विचारले होते, बाबांना काय वाचून दाखवू. पान होते. सोबत जोडले आहे. तुमचे आजोबा झोपले नव्हते. दुसरी साक्षही होती, तीही जोडली आहे, नावासकट, कारण ते नाव घ्यायला त्या बाईंनी मला स्वतः सांगितले होते. मी घेतले नाही. ही पाने न छापण्याचे कारण पुरावा नव्हता हे नाही. मी बोललो नाही, हे आहे. तुमचे वडील चार वर्षे वाट बघत होते हे मला माहीत होते. हीच पाने मी वेंगसर ग्रामपंचायतीलाही आज पाठवत आहे.'

सुतारवाडीतल्या बालवाडीत चौकशी केली. बाई निवृत्त झाल्या, पण घर तेच, असं कळलं.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीपलीकडच्या मुलीने दोन्ही पाकिटं उलटसुलट केली.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलंत. रजिस्टर असं जात नाही."

मी तिच्याकडून पेन घेतलं. दोन्ही पाकिटांवर पूर्ण नाव आणि घराचा पत्ता लिहिला. मग तिने वजन केलं, शिक्के मारले आणि पाकिटं मागच्या पोत्यात टाकली.

मी तिथेच उभा होतो.

"गेलं, आजोबा," ती म्हणाली. "पुढे कोण आहे?"